दोनपैकी एक गुण

दशांश संख्यांची तुलना या पाठावर गूगल फॉर्मने घेतलेल्या छोट्या चाचणीच्या सारांशात माझ्या सहावीच्या वर्गाची सरासरी २ पैकी १.४ दिसली. म्हणजे ७० टक्के. शेजारच्या तुकडीच्या बाई म्हणाल्या, "चांगलं आहे की, घ्या पुढचा पाठ." वर पाठवायच्या तक्त्यातही एवढाच आकडा मागतात. पण त्या दिवशीच्या उत्तरांची शीट उघडल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रश्न दोनच होते. ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? ०.३ आणि ०.३६ यांत मोठी कोणती? 'अ' म्हणजे पहिली संख्या, 'ब' म्हणजे दुसरी, 'क' म्हणजे दोन्ही समान. प्रत्येक प्रश्नाखाली बिनगुणांचा एक प्रश्न: खात्री आहे, अंदाजाने दिलं, येत नाही. तासाची शेवटची सात मिनिटं, संगणक कक्षात. असा फॉर्म घरी पाठवू नये. घरून दादाची किंवा आईची उत्तरं येतात, आणि आपण त्यावर मुलाचा उपचारात्मक वर्ग ठरवतो.

फॉर्म बनवताना थोडी काळजी घ्यावी लागते. नाव टाइप करायला सांगितलं तर एकच मूल तीन स्पेलिंगांनी येतं, म्हणून हजेरी क्रमांकाची ड्रॉपडाउन यादी द्यायची. गुण 'लगेच दाखवा' वर ठेवले की पहिलं मूल सबमिट करतं आणि बरोबर उत्तर बाकावरून बाकावर पोचतं. ते 'नंतर, तपासून' वर न्यायचं. त्यासाठी फॉर्म ईमेल मागतो, मग संगणकावर शाळेचा आयडी आधीच उघडून ठेवायचा. 'प्रत्येकी एकच प्रतिसाद' मात्र बंद, कारण त्याच आयडीवर पुढचं मूल बसणार असतं. पर्यायांपुढे अ, ब, क ही अक्षरं लिहायचीच. सेमी-इंग्रजीच्या वर्गात अंक इंग्रजीत असतात, आणि नुसती संख्या पर्याय म्हणून दिली की शीट तिला संख्या समजून शेवटचं शून्य खाऊ शकते, ०.४ आणि ०.४० मधला फरक तिथे पुसला जातो. अक्षरं दिली की पर्यायांचा क्रम बदलत राहण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर मुलांना क, अ, ब असं दिसतं.

आता शीट. दोन उत्तरांची पहिली अक्षरं जोडणारं सूत्र शेजारच्या टॅबमध्ये लिहायचं, प्रतिसादांच्या टॅबला हात लावायचा नाही. प्रत्येक मुलाचा दोन अक्षरांचा संकेत तयार होतो. ४० मुलांत 'अब' १८ होते, म्हणजे दोन्ही बरोबर. 'बब' ९: ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. 'अअ' ८: ज्या संख्येत अंक कमी ती मोठी. 'अक' ३: ही मुलं फक्त दशांशस्थान पाहतात, ३ आणि ३ आलं की समान. उरलेल्या दोघांना शून्य.

'बब' आणि 'अअ' यांच्या समजुती एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत, आणि फॉर्म दोघांनाही एकच गुण देतो. यातला पहिला प्रश्न एकटा विचारला असता तर 'अअ'ची आठही मुलं बरोबर ठरली असती. आमच्या घटक चाचण्यांत असे एकेकटे प्रश्न सर्रास असतात, आणि त्यांवर 'संकल्पना स्पष्ट' असा शेरा पडतो.

'अअ'च्या बहुतेकांनी 'खात्री आहे' निवडलं होतं. विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतो ना?" असतोच. एक शतांश एक दशांशापेक्षा लहान, हे आम्हीच पट्टीवर शिकवलं. त्यावरून त्याने ३६ शतांशही ३ दशांशांपेक्षा लहान ठरवले. हा मुलगा विचार करतो आहे, त्याला अर्धा नियम मिळाला आहे. त्याला आणि 'बब'च्या मुलांना एकाच रांगेत बसवून एकच उजळणी घेणं चुकीचं होतं, म्हणून 'अअ'ला दहा बाय दहाच्या चौकटी रंगवायला दिल्या आणि 'बब'ला दशक-एककाचा तक्ता दशांशचिन्हाच्या उजवीकडे वाढवून दिला. रुपये-पैशांची उदाहरणं मुद्दाम टाळली. पैसे कायम दोन अंकी लिहितात, ५० आणि ४५. तिथे ही अडचण दिसतच नाही.

दरम्यान शिकवणीत कुणीतरी 'शून्य लावून अंक सारखे करा' ही युक्ती दिली. पुढच्या फॉर्ममध्ये 'अब'ची संख्या झपाट्याने वाढली आणि मला ती वाढ पटत नाही. ०.३० आणि ०.३६ केलं की मूल पूर्ण संख्यांचीच तुलना करतं, स्थानिक किंमत न कळताही उत्तर बरोबर येतं. म्हणून तिसरा प्रश्न घातला आहे: ०.३ आणि ०.४ यांच्या मधे संख्या आहे का? पर्याय: अ) नाही, ब) एकच, ०.३५, क) नऊ, ड) मोजता येणार नाहीत इतक्या. 'क' निवडणाऱ्या मुलांकडे आधी जायचं ठरवलं आहे. शून्य लावून ०.३१ ते ०.३९ मोजणारी ती असतील.