तुम्ही विचारलंत म्हणून: तो लाल स्पंज घेऊ का?

घरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला काचेचा टँक, आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि हल्ली तर फोटोसकट येतो. दुकानातल्या टँकमध्ये लालभडक फांद्यांचा स्पंज आणि खाली, "दादा, घेऊ का? टिकतो का हा?" माझं उत्तर ठरलेलं, नका घेऊ. पण नुसतं नका म्हटलं की लोकांना वाटतं हा स्वतः ठेवतो आणि आम्हाला नाही म्हणतो, कारण माझ्याकडे स्पंज आहेत, चिक्कार आहेत, फक्त त्यातला एकही विकत आणलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा प्राणी (हो, प्राणीच, झाड नाही) जेवतो कसा ते बघा. तोंड नाही, पोट नाही. अंगभर बारीक छिद्रं, त्यातून पाणी आत ओढायचं, आतल्या पेशींनी त्यातलं खाणं टिपून घ्यायचं आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं, दिवसरात्र हेच. खाणं म्हणजे मुख्यतः बॅक्टेरिया आणि त्याच मापाचं बारीक प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), आपण हौसेने घालतो ते मायसिस न् ब्राइन श्रिम्प, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, त्याच्या कामाचं नाही, छिद्रातून आतच जात नाही. समुद्रात एक किलो स्पंज दिवसाला 24,000 लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो असा अंदाज आहे. आता आपला टँक बघा, दोनशे लिटर पाणी, त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) बॅक्टेरिया काढतोय, कुणी यूव्ही दिवा लावलाय तो मारतोय, वर पाणी काचेसारखं दिसावं म्हणून कार्बनचा फिल्टर. म्हणजे कोरलवाल्याला जे पाणी छान वाटतं त्यात हा उपाशी.

आणि वाईट म्हणजे तो लगेच मरत नाही. स्वतःचंच अंग मोडून खात बसतो, हळूहळू आक्रसतो, रंग मात्र बरेच दिवस तसाच. त्यामुळे दुकानदार जेव्हा सांगतो की दोन महिने झाले, एकदम मस्त आहे, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्यालाही मस्तच दिसत असतो. त्यातून तो पाण्याबाहेर काढून पिशवीत टाकलेला असेल तर विषयच संपला. आतल्या नळ्यांत हवा अडकते, ती सहजी निघत नाही, तेवढा भाग कुजायला लागतो आणि मग बाकीचा.

बरं, मग माझ्याकडचे आले कुठून? लाइव्ह रॉकबरोबर (जिवंत सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड), फ्रॅगच्या, म्हणजे कोरलच्या कापलेल्या तुकड्याच्या, बुडाला चिकटून. टँक जरा जुना झाला, सहा-आठ महिने गेले, की दगडाच्या खालच्या अंगाला, ओव्हरफ्लोच्या डब्यात (जिथून जादा पाणी खाली उतरतं), सम्पच्या (खालच्या फिल्टर-टाकीच्या) अंधाऱ्या कप्प्यात पाइपवर आपोआप दिसायला लागतात. राखाडी, पिवळट, पांढरे पापुद्रे. आणि ते दाण्याएवढे पांढरे, टोकाला केसांचा झुपका असलेले, ज्यांचे फोटो पाठवून लोक घाबरून विचारतात की ही कसली अंडी, ते सायकॉन, स्पंजचाच एक प्रकार. हौशी मंडळी त्यांना अननस स्पंज म्हणतात. काही करत नाहीत ते, राहू द्या.

हे जगतात कारण मुळात लहान असतात, टँकमध्ये जेवढं मिळतं तेवढ्या बेताने वाढतात. शिवाय बरेच स्पंज पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्यही खातात, कोरल आणि शेवाळं जे सोडत असतात ते. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाच्या रीफवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की स्पंज हे विरघळलेलं खातात, जुन्या पेशी भराभर टाकून देतात, आणि तो कचरा बाकीचे जीव खातात. फुकटचा सफाई कामगार, आणि लोक ब्रशने खरवडून काढतात!

एकदा करून बघा. रात्री वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) बंद करा, टॉर्च तिरका धरा आणि सिरिंजने थोडा फायटो (बाटलीतलं सूक्ष्म हिरवं शेवाळ) स्पंजच्या अंगाजवळ अलगद सोडा. हिरवा ढग खाली अंगाशी रेंगाळतो, आणि वरच्या भोकापाशी आलेले कण मात्र एकदम वर फेकले जातात. इतका वेळ डाग समजून बघत होतो तो चक्क पंप आहे हे तेव्हा पटतं.

सांभाळायचं म्हणाल तर खरं काम हात न लावण्याचं. अंधारा कोपरा अंधाराच ठेवा, उजेडात शेवाळ चढतं आणि छिद्रं बुजतात. दगड पाण्याबाहेर काढू नका. मोठे एंजलफिश पाळलेत तर स्पंज विसरा, त्यांचं ते जेवण आहे. आणि पाण्यातलं सिलिकेट (विरघळलेली सिलिका) शून्यावर आणायचा हट्ट मी तरी धरत नाही, कारण बऱ्याच स्पंजांचा सांगाडा त्याचाच (सायकॉनचा कॅल्शियमचा, तो वेगळा). अर्थात म्हणून बोअरचं पाणी ओतू नका, आपल्याकडच्या बेसॉल्टमधल्या पाण्यात सिलिका एवढी असते की काच तपकिरी डायटमने (सूक्ष्म शेवाळाने) भरेल. आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं, पाणीच वापरा.

अगदी विकतच घ्यायचा असेल तर निळा, उजेडावर जगणारा बघा. त्याच्या अंगात सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न बनवणारे जिवाणू) असतात, ते त्याला पोसतात. पण तो कोरलवर चढू शकतो, लक्ष ठेवावं लागेल. आणि ओहोटीला मुंबईच्या खडकांवर स्पंज दिसतात म्हणून दगड उचलून आणायचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. त्या दगडावर कडक कोरलचा एक तुकडा जरी निघाला तरी ते 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहे, वाघाच्या रांगेत.

लाल आधीच घेऊन बसला असाल तर रोज वास आणि रंग बघा. पांढरट बुळबुळीत ठिपका दिसला की तेवढा भाग पाण्यातच ब्लेडने कापून काढा, अमोनिया तपासा, पाणी बदला. ग्लोव्हज घालून. काही जातींना उघडा हात लागला तर कित्येक दिवस आग होत राहते.