मधेच उठवायची भूल

भूलतज्ज्ञाचं काम चांगलं झालं की नाही, हे ठरवायला सहसा एकच प्रश्न पुरतो: पेशंटला काही कळलं का? कळलं नसेल तर आम्ही खूश. त्यामुळे आमच्या न्यूरोसर्जननी आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं, "उद्या ट्रायजेमिनलची आरएफ आहे, पेशंटला मधेच पूर्ण शुद्धीवर आणावं लागेल, तेही एकदा नाही," तेव्हा मी फोन ठेवून सरळ वॉर्डात गेले. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी: चेहऱ्यातल्या कळांसाठी गालातून सुई घालून नसेचा दुखरा भाग उष्णतेने भाजणं. जिला मधेच उठवायचं, तिच्याशी आधी ओळख हवी.

बाई निवृत्त शिक्षिका. सत्तरीच्या आसपास. मांडीवर वही, हातात पेन्सिल. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, दमा आहे का, आधी कधी भूल दिली होती का, आणि त्या उत्तरं लिहून दाखवत होत्या. अक्षर एकदम टापटीप. "बोललं की कळ येते," असं त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला.

मी समोर असतानाच एकदा आली. पेन्सिल अर्ध्या शब्दावर थांबली, डोळे गच्च मिटले, उजवा हात गालाकडे गेला आणि गालापासून चार बोटांवर तसाच थांबला. हात लावला तर पुढची कळ येणार, हे त्या हाताला पाठ झालं होतं. काही सेकंदच. मग त्यांनी डोळे उघडले आणि शब्द जिथे तुटला होता तिथून पुढे लिहिला.

ट्रायजेमिनल ही मेंदूतून निघणारी पाचवी नस. कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा तिच्या तीन शाखा, आणि चेहऱ्याला झालेला स्पर्श याच वाटेने मेंदूपर्यंत जातो. तिच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी घासत राहिली की नसेवरचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचेही विजेसारखे झटके होतात. दात घासणं, चावणं, तोंड धुणं, पंख्याचा वारा, काहीही पुरतं. या बाईंना फक्त तिसऱ्या शाखेत, म्हणजे उजव्या जबड्यात आणि हनुवटीत दुखायचं. साहजिकच आधी दाताचं दुखणं समजून त्या बाजूच्या तीन दाढा काढून झाल्या होत्या. हे फार वेळा होतं. दुखणं दाढेतच आहे असं पेशंट शपथेवर सांगतो, त्यामुळे दंतवैद्याला तरी किती दोष द्यायचा?

पुढे निदान झालं आणि कार्बामाझेपिन सुरू झालं. या आजारावर ते 1962 पासून दिलं जातंय आणि आजही पहिलं औषध तेच. बाईंनाही सुरुवातीला छान आराम पडला. मग डोस वाढत वाढत दिवसाला 1200 मिलिग्रॅमवर गेला. चालताना तोल जायला लागला आणि रक्तातलं सोडियम 124 पर्यंत उतरलं. डोस कमी केला की सोडियम चढायचं, आणि कळाही चढायच्या. ॲडमिट करून, डोस उतरवून, पाणी मोजून देऊन सोडियम कसंबसं 131 वर आणलं होतं, आणि त्याची किंमत त्या वहीत दिसत होती.

एमआरआयमध्ये गाठ नव्हती, नसेला टेकलेली रक्तवाहिनी मात्र दिसत होती. अशा वेळी कानामागे कवटी उघडून वाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. टिकाऊ आरामासाठी तेच ऑपरेशन सर्वांत चांगलं. पण बाईंचं हृदय अशक्त होतं, इकोचा रिपोर्ट बघून मला त्या ऑपरेशनची भूल द्यायची अजिबात इच्छा नव्हती, आणि सर्जननाही नव्हती. रेडिओसर्जरीत, म्हणजे बाहेरून नेमके किरण सोडण्यात, कापाकापी नाही, पण गुण यायला आठवडे, कधी महिने जातात. गालातून सुई घालून, नस जिथे शाखांमध्ये फुटते तिथे फुगा फुगवून ती दाबण्याची पद्धत आहे, पण तिला पूर्ण भूल लागते आणि फुगा दाबताना हृदयाचे ठोके एकदम पडू शकतात. एकाच शाखेचं दुखणं असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सीने नेमकी तेवढीच शाखा गाठता येते. अट एवढीच, की सुईचं टोक कुठे आहे ते पेशंटने स्वतः सांगायला हवं.

आणि आमच्या पेशंटला बोलता येत नव्हतं.

म्हणून वॉर्डातच ठरवलं: हनुवटी किंवा खालच्या ओठात जाणवलं तर एक बोट, गाल किंवा वरच्या ओठात दोन, डोळ्याकडे किंवा कपाळाला तीन. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग बधिरपणाबद्दल बोलणं झालं. सर्जननी आधी सांगितलं होतंच, मीही सांगितलं: कळ जाईल, पण त्या जागी जडपणा, मुंग्या राहतील, कदाचित कायमच्या. क्वचित एखाद्याला त्या बधिर जागेतच सतत दुखत राहतं आणि त्यावर उपाय फार कठीण असतो. गालावर टाका नाही, घरी लवकर जाता येतं, म्हणून लोक अशा प्रोसिजरला किरकोळ समजतात. टोचल्याची खूण दोन दिवसांत जाते हे खरंच, पण आत नसेचा एक भाग मुद्दाम भाजलेला असतो. बाईंनी लिहिलं, "जड चालेल." खाली रेघ मारली.

सकाळी ओटीत माझी पहिली अडचण अगदी साधी होती. माझ्या कामाची सुरुवातच चेहऱ्यावर मास्क ठेवून होते, आणि इथे चेहऱ्याला हात लावायची सोय नाही. नाकात ऑक्सिजनची नळी घातली, ती डाव्या कानावरून फिरवली, उजव्या गालाला चिकटपट्टीचा तुकडाही लागू दिला नाही. अँटिसेप्टिकचा बोळा फिरवायच्या आधीच थोडं प्रोपोफॉल, म्हणजे झोपेचं औषध, शिरेतून दिलं. त्या पुसण्यानेच कळ आली असती तर बाईंनी पुढे आमच्यावर विश्वास का ठेवावा?

सुई ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच सेंटिमीटर बाहेर टोचतात. सर्जनचं एक बोट तोंडात, गालाच्या आतून, सुई तोंडात घुसू नये म्हणून. समोरून बघताना रोख बाहुलीकडे, बाजूने बघताना कानाच्या थोडं पुढे. या दोन रेषा जिथे मिळतात तिथे कवटीच्या तळाला लंबगोल छिद्र असतं, फोरामेन ओव्हेल, जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांब. सी-आर्मच्या, म्हणजे ओटीतल्या फिरत्या एक्स-रे मशीनच्या, पडद्यावर ते छिद्र दिसतं आणि सुई त्याकडे सरकताना दिसते. माझे डोळे मात्र दुसऱ्या पडद्यावर. सुई छिद्रातून आत शिरते त्या क्षणी ही नस हृदयाला आवर घालू शकते. ठोके 78 वरून 46 वर आले. "थांबा," मी म्हणाले. सर्जनचा हात जागच्या जागी थांबला. ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सिरिंज मी आधीच भरून ठेवली होती. थोडं दिलं, ठोके सत्तरीत आले, "चला." सुईतली तार काढल्यावर मेंदूभोवतीच्या पाण्याचा एक थेंब बाहेर आला. जागा बरोबर होती.

आता उठवायचं. प्रोपोफॉल बंद केलं की माणूस काही मिनिटांत भानावर येतो, पण भानावर येणं आणि उत्तर देण्याइतकं जागं होणं यात फरक आहे. मी डाव्या कानाशी वाकून हाका मारत राहिले. डोळे उघडले, माझ्यावर स्थिरावले. "बाई, हात दाबा." दाबला. "सोडा." सोडला. मग सर्जनना मान हलवली.

पन्नास हर्ट्झचा अगदी हलका करंट सोडला. बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं वर झाली.

पडद्यावर सुई अगदी हवी तिथे दिसत होती. सर्जन माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "अजून झोपेत आहेत का?" मला तसं वाटत नव्हतं. करंट बंद करून, काही न सांगता, परत सुरू केला. पुन्हा दोन बोटं, या वेळी जरा उंच. एक्स-रे कितीही छान दिसला तरी टोक दुसऱ्या शाखेत होतं. तिसरी शाखा बाहेरच्या बाजूला आणि अलीकडे असते, म्हणून सर्जननी टोक दोन-तीन मिलिमीटर मागे घेतलं. करंट. एक बोट. मग तेच बोट हनुवटीकडे वळलं, हीच जागा. दोन हर्ट्झवर जबडा ठेक्यात हलायला लागला. या शाखेबरोबर चावण्याच्या स्नायूंच्या तारा असतात, म्हणजे साक्ष पटली.

परत झोपवलं. 70 अंश, 60 सेकंद. भूल असूनही बीपी 190 च्या वर गेलं, ते औषधाने खाली ओढलं. गालाच्या खालच्या भागावर लाली चढली. या सगळ्या गडबडीत तो मिनिट चांगलाच लांब वाटतो. पुन्हा उठवलं, टाचणीने तपासलं, हनुवटीवर ती अजून बरीच टोचत होती. आणखी एकदा, 75 अंश. मग सर्जननी कापसाचं टोक हनुवटीवरून ओढलं. बाईंनी आधीच डोळे मिटून घेतले होते, कळ येणार म्हणून. आली नाही. टाचणी लावली.

"टोचतंय की बोथट लागतंय?"

"बोथट."

मी बाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

डोळ्याच्या बुबुळाला कापसाचा धागा लावून बघितला, पापणी झटकन मिटली. पहिली शाखा शाबूत होती. बुबुळ बधिर झालं तर कचरा गेलेला कळत नाही आणि जखम होते, म्हणून ही तपासणी राहून चालत नाही.

रिकव्हरीत बाई थांबेचनात. नर्सला, वॉर्डबॉयला, मला, सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं की जबडा किंचित उजवीकडे सरकत होता, तो काही आठवड्यांत सावरेल असं सर्जननी सांगितलं. संध्याकाळपर्यंत तक्रारी सुरू झाल्या: ओठ सुजल्यासारखा वाटतो. आरसा मागवला, सूज नव्हती, तरी दोनदा बघितलं. त्या बाजूने चावताना गाल दाताखाली येईल, गरम पेय आधी डाव्या बाजूला लावून बघा, असं समजावलं. कार्बामाझेपिन एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायचं, सोडियम पुन्हा तपासायचं. काही वर्षांनी कळ परत येऊ शकते, तेव्हा हेच पुन्हा करता येतं, हेही सांगितलं.

मी निघाले तेव्हा बाईंनी हाक मारली. त्यांना ओटीतलं सगळंच आठवत नव्हतं, पण एक गोष्ट पक्की आठवत होती.

"मी दोन बोटं दाखवली होती ना? मग तेच पुन्हा का विचारलंत?"

भूल उतरताना माणूस चुकीचंही सांगतो, म्हणून खात्री करावी लागते, असं मी म्हटलं. बाईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.