सात घरं आणि एक तबेला

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मांजरी व्याली की आई म्हणायची, "आता ही पिल्लांना सात घरं दाखवणार." खरंच, आज जिन्याखाली दिसलेली पिल्लं उद्या काकूंच्या माळ्यावर सापडायची. फारच उच्छाद झाला की एखाद्या बोक्याला गोणत्यात घालून चेंदणी कोळीवाड्याजवळ सोडून यायचे. मासळीवर जगेल, ही त्यामागची माणुसकी! तिसऱ्या दिवशी बोका परत दारात.

इथे न्यू जर्सीत मी दर शनिवारी बेघर मांजरांच्या एका शेल्टरमध्ये जाते. पिल्लांना बाटलीने दूध पाजायला मिळेल अशी गोड कल्पना होती, मिळालं पिंजरे धुण्याचं काम. पिल्लांना घरं पटापट मिळतात. अडतात ती माणसाला बिचकणारी मोठी मांजरं. साधारण 2 ते 7 आठवड्यांच्या वयात माणसाचा हात अंगावरून फिरला नाही, तर पुढे सवय लावणं जड जातं. मग ती कोपऱ्यात दबून फिस्कारतात आणि बघायला आलेलं कुटुंब पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतं. जागा संपली की काही शेल्टरांत मारून टाकायच्या मांजरांची यादी निघते. इथे त्याला 'झोपवणं' म्हणतात. मला आपलं अंगाईचं झोपवणं तेवढं ठाऊक.

पाडायला काढलेल्या एका हॉटेलामागे एक करडी मांजरी होती. तशीच शेल्टरला आली असती तर यादीतच गेली असती. तिला पकडायचं काम माझ्याकडे आलं. लांबट जाळीचा पिंजरा, तळाला वर्तमानपत्र, टोकाला सार्डिन. पट्टीवर पाय पडला की मागचं दार खाली. आदल्या दिवशी उपाशी ठेवूनही बाई दोन रात्री बाहेरूनच, जाळीतून पंजा घालून सार्डिन ओढत राहिली. तिसऱ्या रात्री मी देशी दुकानातले सुके बोंबील तव्यावर भाजून नेले. (आमच्या मजल्यावरच्या लोकांची माफी अजून मागायची आहे.) वीस मिनिटांत खट्ट! नुसती धडपड सुरू झाली. वरून सोलापुरी चादर टाकली, तशी चिडीचूप.

नसबंदी झाली, डाव्या कानाचं टोक सरळ कापलं. भूल असतानाच कापतात, म्हणजे लांबूनही कळतं की हिचं झालंय, पुन्हा पकडू नका. एरवी जिथून आणलं तिथेच सोडतात, पण तिची जागाच उरली नव्हती. म्हणून तिला घोड्यांच्या एका तबेल्यात नेलं, उंदरांच्या बंदोबस्तावर. पण लगेच मोकळं नाही केलं. तीन आठवडे तिथेच मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, ठरलेल्या वेळी खाणं देत. नाहीतर मांजर जुनी जागा शोधत सुटतं आणि रस्त्यात गाडीखाली येतं. हे ऐकलं आणि आमचा बोका आठवला. नशीबवान म्हणायचा, पोचला तरी.

सध्या आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. आई पाचपाखाडीत भाड्याने राहते. सगळ्यांच्या भाड्याची सोय झाली, जिन्याखालच्या मनीची कोण करणार? "तिला परत पिल्लं होतील गं," आई फोनवर म्हणाली. होणारच. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येते. इथे हिवाळ्यात थोडी उसंत मिळते, ठाण्यात वर्षभर कारभार चालू. दोन महिन्यांत विते आणि त्यातल्या पोरीही चार-पाच महिन्यांच्या होताच तयार.

मी फोनवरून सूचना सोडत गेले. आईने भाजीच्या करंडीवर ओढणी बांधून मनीला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं, ऑपरेशन करून आणलं. गॅलरीच्या ग्रिलला जाळी मारून घेतली. "तीन आठवडे कोंडायचं? शाप लागेल," म्हणाली, पण कोंडलं.

आज अकरावा दिवस. सकाळी फोटो आला, कापलेला कान आणि आमच्याकडे केलेली पाठ. खाली आईने लिहिलंय, "बोलत नाही माझ्याशी. रात्रीचे बांगडे मात्र संपवले."