पट्टी परत द्यायची राहिली

गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. गाडी येत नाहीये हे त्यांना माझ्याआधी दिसत असतं, तरी पत्र्यावर थापा मारत त्यांचं 'येऊ द्या' चालूच. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, मुक्ताईनगर तालुक्यातल्या केळीबागांमधून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर असे अकरा जण माझ्या मागे होते. मी मोजले. मोजायला वेळ भरपूर होता.

समोर केळीच्या घडांनी भरलेला ट्रक. मी माझ्या गाडीत, गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर सोळा फुटी फायबरची बोट. ट्रकवाल्याला मागे जाणं शक्य नव्हतं, कारण त्याच्यामागे ऊस नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली होती आणि तिच्यामागे आणखी काय काय. माझ्यामागे दीडशे मीटरवर रस्ता जरा रुंद होता. म्हणजे मागे जायचं मीच. न्याय बरोबर होता, ट्रेलर ऐकत नव्हता.

रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी फूटभर मागे गेली आणि कोणीतरी मागून धरून ठेवावं तशी थांबली. आणखी रेस दिली तर ट्रेलरची चाकं फिरायच्या ऐवजी घासत गेली, मातीत दोन नांगरट उठली आणि क्लच जळल्याचा तो ओळखीचा वास आला. ट्रेलर तिरका होऊन बागेतल्या पाण्याच्या चारीकडे निघाला. थांबलो. पुढे घेऊन पाहिला तर लोण्यासारखा पुढे आला. परत मागे, परत जाम.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बोट आणि ट्रेलर दोन्ही जुनं घेतलेलं, ट्रेलर अमेरिकी बनावटीचा. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. तिथे राहणाऱ्या मावसभावाने परवानगीचे सोपस्कार पार पाडून ठेवले होते, आणि मी नाशिकहून बोट ओढत निघालो होतो. राहूड घाट उतरताना ट्रेलर इतका शहाण्यासारखा वागला, की मी शेजारी बसलेल्या बायकोला त्याचं कौतुक ऐकवलं. मी ब्रेक दाबला की तोही आपोआप दाबत होता, मागून धक्का म्हणून नाही. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, सगळा रस्ता तसाच. मालेगावच्या पुढे एका ढाब्यावर मिळालेली शेवभाजी एवढी तेलकट होती, की तिच्यावरही बोट चालली असती. त्या दिवसाबद्दल बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तर रस्त्यावर परत. अकरा जणांचे अकरा सल्ले. एक म्हणाला बेअरिंग धरलंय. दुसरा म्हणाला गिअरबॉक्स गेला. एका पोराने बोटीत चढून सेल्फी घेतला, तो सल्ला नव्हता पण वेळ तितकाच गेला. बायको खाली उतरून ट्रकवाल्याशी केळीच्या भावाबद्दल बोलत उभी होती. मला वाटतं मी कुणाच्या अंगावर ओरडू नये म्हणून ती मुद्दाम लांब गेली असावी.

बेअरिंगवाल्याचं ऐकून जॅक लावला. चाक उचललं, हाताने फिरवलं. गरागरा फिरलं. पुढेही आणि मागेही. म्हणजे बेअरिंग ठीक, ब्रेकही सुटलेला. मग जमिनीवर टेकवून मागे ढकलताच काय होतं? माझी मती गुंग झाली. आम्ही होतो तिथून चांगदेवचं देऊळ फार लांब नव्हतं. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वरांची भिंतसुद्धा चालत गेली म्हणतात, आणि माझा दोन चाकांचा ट्रेलर टायरात हवा असून चालेना.

तेवढ्यात उसाच्या ट्रॅक्टरचा चालक पुढे आला. साठीचे काका, डोक्याला मफलर, पायात रबरी चपला. त्यांनी काहीच सल्ला दिला नाही. ट्रेलरच्या तोंडाशी, जिथे हुक बॉलवर बसतो, तिथे उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, जरा मांगे घ्या. बस, वीतभर." घेतली. "आता पुढे." घेतली. "पुन्हा मांगे." मग मला खाली बोलावलं आणि बोट दाखवलं. हुकाच्या मागे एक लोखंडी दांडा दुसऱ्या पोकळ नळीत सरकत होता. गाडी मागे घेतली की इंचभर आत, पुढे घेतली की बाहेर.

"हे पहा. तुमी रस्त्यानं ब्रेक मारता, मांगचं धूड पुढे रेटते, हे दांडकं आत जाते, अन् तिकडं ब्रेक लागते. व्हय ना? आता तुमी मांगे रेटता, तरी दांडकं आतच जाते ना भो! त्याले काय माहीत तुमी थांबता का मांगे जाता?"

अशा ट्रेलरला त्यांनी त्याआधी कधी हात लावला नव्हता. आमच्याकडच्या ट्रॉल्यांना ही भानगड नसते. आणि मी, ज्याने ट्रेलरसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका कपाटात जपून ठेवली होती, तो तोंड उघडं टाकून ऐकत होतो. राहूड घाटात ज्याचं कौतुक केलं तेच हे यंत्र. गाडी मंदावली की ट्रेलरचं वजन पुढे रेटतं, त्या रेट्याने मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलचा पंप, दाबला जातो, आणि ब्रेक ऑइल जोराने चाकांकडे जातं. पायाखालच्या पेडलचा त्याच्याशी काही संबंधच नाही. रिव्हर्समध्ये रेटा गाडीकडून येतो एवढाच फरक, सिलिंडरला दोन्ही सारखेच.

मग नाशिकला धरणावर इतक्या वेळा बोट पाण्यात सोडली तेव्हा कसं चाललं? याचं उत्तर मला तिथेच उभ्या उभ्या मिळालं. पाण्याकडे उतार असतो. उतारावर ट्रेलर स्वतःच्या वजनाने मागे ओढला जातो, दांडा बाहेरच राहतो, ब्रेक लागत नाही. इथे रस्ता किंचित चढाचा, कडेची माती मऊ, वर आठशे किलोच्या आसपासचं धूड. चाकं अडली, रेटा वाढला, दांडा आत, ब्रेक जाम. जितका जोर मी लावत होतो तितका तो घट्ट होत होता. क्लचचा वास म्हणजे माझ्या अकलेचाच धूर.

काकांनी ट्रॉलीच्या पेटीतून लोखंडी पट्टीचा एक तुकडा आणला. मला पुढे घ्यायला लावलं, दांडा पूर्ण बाहेर आल्यावर त्या फटीत पट्टी आडवी बसवली, आणि निसटू नये म्हणून केळीचं वाळकं सोपट घेऊन दोन वेढे मारून बांधली. "घ्या आता मांगे. अन् हळू घ्या, टेलर ट्रॉलीसारखंच वळते, स्टेरिंग उलटं." मी घेतला. आला. अकराही जण ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या!" आणि त्या एका वेळी मला राग आला नाही.

ट्रक गेला, ट्रॅक्टर गेला. पैसे विचारले तर काकांनी हात जोडले आणि उलट जेवायलाच बोलावलं. आम्ही नको म्हणालो, कारण मावशी वाट पाहत होती, आणि आजही मला त्याचा पस्तावा आहे. मावशीकडे तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत होतं, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि कळण्याची भाकरी. पोट तुडुंब भरलं, पण त्या माणसाच्या घरी एक घास खायला हवा होता असं वाटत राहिलं.

पुढचे दोन दिवस पाण्यावर. इंजिन बंद ठेवून वल्ह्यांनी, दोन नद्या मिळतात त्या बाजूला तापीवरून पूर्णेकडे. चक्रवाक पाहिले, सुरय पाहिले, फोटो बरे आले.

आता कबुली. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. महामार्गावर चांगला पन्नास-साठचा वेग होता. वरणगावच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यावर आली, मी ब्रेक मारला आणि मागून असा धक्का बसला की बायकोच्या हातातला चहाचा कप काचेवर. गाडी थांबली, पण म्हशीपासून हातभरावर, आणि ट्रेलर अर्धा शेजारच्या लेनमध्ये. मी खाली उतरलो आणि हुकाकडे पाहिलं. पट्टी जागेवर. सोपट जागेवर. काकांनी बांधलं तसंच, दवाने भिजून-सुकून आणखी घट्ट झालेलं.

पट्टी आत असेपर्यंत दांडा सरकत नाही, आणि दांडा सरकला नाही तर ट्रेलरला ब्रेकच नाही. मागे जाण्यासाठी केलेली सोय पुढे जाताना काढायची असते, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. काकांनी कदाचित सांगितलंही असेल, त्या गलक्यात मी ऐकलं नसेल. म्हैस मात्र हलली नाही, उभी राहून आमच्याकडे बघत होती.

भुसावळात रेल्वे पुलाजवळ गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान सापडलं. तिथल्या पोराने गाडीची वीज ट्रेलरला देणाऱ्या प्लगची टेप उसवली आणि आतून एक निळी वायर बाहेर काढली, टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळलेली. इंडिकेटरच्या दोन, मागच्या दिव्याची एक, अर्थिंगची एक, आणि ही पाचवी, कशालाच न जोडलेली. ती वायर ट्रेलरच्या तोंडाशी बसवलेल्या एका छोट्या सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेकडे, जात होती. पोराने बॅटरीवरून बारा व्होल्ट दिले. टक्. काढले. टक्. "हे रिव्हर्सच्या लाइटला जोडायचं असतं, साहेब. लाइट लागली की हे ऑइलची वाट बंद करतं. मग दांडा कितीबी आत जाऊ द्या."

जोडलं. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत, जिथे चढ होता तिथेच, रिव्हर्स टाकला. टक्. ट्रेलर मागे आला. दीडशे रुपये घेतले, आणि एक गोष्ट फुकट सांगितली: ब्रेक मारून थांबलेली गाडी लगेच रिव्हर्समध्ये टाकायची नाही. आधी वीतभर पुढे घ्यायची, दाब सोडायचा, मग मागे. नाहीतर चाकांत असलेला दाब तिथेच कोंडला जातो आणि सोलेनॉइड असूनही चाकं जाम. ब्रेक ऑइलही त्याने दाखवलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं. जुनं ऑइल पाणी धरतं, आतून गंज चढवतं. ते नाशिकला आल्यावर बदललं.

मी आणखी एक मूर्खपणा करत होतो तो त्याने पकडला नाही, मीच ओळखला. पाण्यात उतरवण्याआधी दिवे खराब होऊ नयेत म्हणून मी प्लग काढून ठेवायचो. म्हणजे वायर नीट जोडलेली असती तरी त्या क्षणी सोलेनॉइड मेलेलाच असता. उतारावर चाललं, म्हणून कळलं नाही.

ज्याने प्लग बसवून दिला होता त्याला फोन केला. तो म्हणाला, "ती वायर रिकामी होती, म्हणून टेप मारून ठेवली. दिवे तर सगळे लागतायत ना?" लागत होते. काय बोलणार.

लोखंडी पट्टी अजून माझ्याकडेच आहे. मावसभावाकरवी निरोप पाठवला की पुढच्या खेपेला परत आणून देतो. काकांचा उलट निरोप आला: "ठेवा म्हना, परत लागीन." मी तिला लाल रंग दिलाय आणि दोन हात लांब पिवळी फीत बांधलीय. फीत बोनेटपर्यंत यावी असं बायकोचं म्हणणं आहे.