दोन पोती केर आणि त्यातलं सोनं

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा, नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू. म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सोनारगल्ल्यांत सोनं-चांदी गाळायला बसली. एकानं भाच्याला नेलं, भाच्यानं पुतण्याला. मीही तसाच कोइमतूरला मामांच्या दुकानात पोचलो. केमिस्ट्रीची पदवी होती, तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, समीकरणं पाठ होती. मामांना त्याचं काही कौतुक वाटलं नाही. म्हणाले, "तेजाब कुणीबी ओततंय. तू आधी केर शिक."

केर म्हणजे सोनाराच्या कारखान्यातली झाडलोट. कानस मारताना उडालेला कीस, पॉलिशच्या चाकाखालची धूळ, करवतीची मोडकी पाती, फुटक्या मुशी (धातू वितळवायची भांडी), हात पुसलेली फडकी, बसायच्या चटया, झिजलेले झाडू, आणि हात धुतलेल्या पाण्याच्या पिंपात तळाला बसलेला गाळ. त्या पाण्यात तुरटी फिरवली की बारीक कण लवकर खाली बसतात, हे तिथल्या प्रत्येक आसारीला ठाऊक असतं. तमिळ मुलखात सोनाराला आसारी म्हणतात. आपल्याकडं हाच केर धुऊन पोट भरणारे झारेकरी होते; आता ते काम बहुतेक गलाईवाल्यांकडंच येतं.

हे आमचं खनिज. आणि खरं सांगायचं तर कुठल्याही खाणीपेक्षा श्रीमंत. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीत टनभर दगड फोडून, दळून काही ग्रॅम सोनं हाती लागतं. कोलारची खाण तर तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. गावाकडं येताना मी एकदा वाट वाकडी करून ती पाहून आलो. शहराला टेकून राखाडी टेकड्या उभ्या आहेत. सोनं काढून घेतल्यावर उरलेलं दगडाचं पीठ आहे ते. सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायची युक्ती १८८७ मध्ये ग्लासगोत निघाली, म्हणून तर इतका गरीब दगड परवडायला लागला. आम्हाला सायनाइड लागत नाही. पण जाळणं, दळणं, चाळणं, नमुना काढणं, वितळवणं हे सगळं खाणीसारखंच, फक्त मापं लहान.

माझ्या वाट्याला आलेला पहिला माल दोन पोत्यांचा. एका आसारीच्या कारखान्यात वर्षभर साठलेला. असा माल घ्यायच्या दोन रीती असतात. एक उक्ती: पोत्यात हात घालायचा, बोटावर घासून बघायचं आणि आकडा बोलायचा. दुसरी नमुन्यावर. मामा उक्त्याच्या फंदात पडत नसत. त्यात एक बाजू हमखास बुडते आणि बुडालेला माणूस पुन्हा दारात येत नाही, हा त्यांचा हिशेब.

पहिलं काम जाळायचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सोनं इथंच जातं. केरात तेल, मेण, केस, कापूस, पॉलिशचा चिकटा असतो. तो गेल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. पण घाईनं पेटवला, वारा लागू दिला, पंखा लावला, की धुराबरोबर सोन्याचा बारीक कण वर जातो आणि चिमणीत किंवा शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन बसतो. म्हणून पसरट लोखंडी तव्यात पातळ थर, वर झाकण, मंद आच. ज्वाळा दिसता कामा नये, नुसतं धुमसायला हवं. अधूनमधून सळईनं हलवायचं, तेही हळू. काळा रंग जाऊन राख करडी-लालसर झाली की झालं. लालसर का, तर पॉलिशच्या लाल पावडरीत लोहाचा ऑक्साइड असतो. वास मात्र असा की जेवण जात नाही.

मग चुंबक. करवतीच्या पात्यांचे तुकडे, कानशीचा लोखंडी भुगा काढायचा. हे पोरखेळासारखं वाटतं, पण चुंबकाला लोखंडाची दाढी आली की तिच्यात सोन्याचे कण अडकून येतात. ती दाढी ताटलीत झटकायची, पसरायची, पुन्हा चुंबक फिरवायचा. तरीही उरलेलं लोखंड फेकत नाहीत. वेगळ्या डब्यात जमवतात आणि डबा भरला की त्याचा स्वतंत्र हिशेब करतात.

दळायला मामांकडं छोटी बॉल मिल होती: आडवं फिरणारं पिंप, आत पोलादी गोळे. फुटक्या मुशींच्या भिंतीत सोन्याचे मणी रुतलेले असतात, ते दगड फुटल्याशिवाय सुटत नाहीत. सोन्याची गंमत अशी की ते दळलं जात नाही, चपटं होतं. बाकी सगळ्याचं पीठ होतं आणि सोन्याच्या टिकल्या चाळणीच्या वर राहतात. त्या थेट मुशीत जातात. खाली पडलेलं पीठ हा खरा माल, आणि त्याच्या भावावरून खरी भांडणं.

इथं नमुना काढायचा. आसारी स्वतः येऊन बसला होता, आणि त्यानं बसावं असाच मामांचा आग्रह असे. स्वच्छ ताडपत्रीवर सगळं पीठ ओतून खोऱ्यानं उलथंपालथं केलं. मग शंकूसारखा ढीग, टोकावरून दाबून त्याची चकती, चकतीचे चार वाटे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला करायचे. ठेवलेल्या दोघांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. असं करत करत मूठभर पीठ उरतं. ढीग घालताना खोरं कायम शंकूच्या नेमक्या टोकावर रिकामं करायचं. एका बाजूला कललं की जड कण एका वाट्यात जास्त जातात. मूठभर पिठाच्या तीन पुड्या झाल्या. एक आमची, एक त्याची, तिसरी दोघांच्या सहीनं बंद करून कपाटात. दोघांच्या आकड्यांत फरक आला तर ती तिसरी फोडायची.

माझ्या शिकलेल्या डोक्याला हे सगळं जरा बाबा आदमच्या काळातलं वाटलं. दुकानात एक्सआरएफ मशीन होतं, एक्स-रे टाकून धातू ओळखणारं. वस्तू ठेवली की मिनिटाभरात टंच, म्हणजे शुद्धता, पडद्यावर. ते पुडीवर का लावायचं नाही, असं मी विचारलं. मामांनी मशीनकडं पाहिलंही नाही. "ती नुसतं वरवर बघती." बरोबर होतं. एक्स-रे सोन्यात काही मायक्रॉनच शिरतात, आणि पिठात चार कण इकडचे तिकडं झाले की आकडा बदलतो. हॉलमार्क केंद्रांतसुद्धा वाद निघाला की शेवटचा शब्द आगीच्या कसोटीचाच असतो.

ती आगीची कसोटी म्हणजे पिठातून सोनं काढायचीच रीत, छोट्या प्रमाणात. मोठा मालही आम्ही तसाच गाळला. पूर्वी इथं पारा वापरत. धुतलेल्या केरात पारा घोळायचा, तो सोनं धरतो, मग फडक्यातून पिळून गोळा तापवायचा की पारा उडून जातो. उडून जातो म्हणजे माणसाच्या छातीत जातो. शिवाय पॉलिशच्या तेलकट धुळीला पारा नीट धरतही नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता करारावर भारतानं २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. मामांनी त्याच्या कितीतरी आधी बाटली बंद केली होती, दुकानातल्या एका जुन्या कारागिराचे थरथरणारे हात पाहून.

आमच्या मुशीत पिठाबरोबर धुण्याचा सोडा, सवागी (बोरॅक्स), थोडी वाळू, मुर्दाडशिंग आणि गव्हाचं पीठ जायचं. गव्हाचं पीठ पाहून मला हसू आलं होतं. पण मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि जळत्या पिठातला कार्बन त्याचं शिसं करतो. सोडा, सवागी आणि वाळू मिळून पातळ काच होते, दगडमाती तिच्यात विरघळते. त्या काचेतून शिशाचे बारीक थेंब खाली उतरत जातात आणि वाटेत भेटेल ते सोनं-चांदी स्वतःत घेतात. मूस निमुळत्या लोखंडी साच्यात ओतली, थंड झाल्यावर हातोडी मारली, की वरची काच तडकून निघते आणि टोकाला शिशाची गुंडी उरते. काच स्वच्छ, एकसारखी निघाली तर समजायचं मेळ जमला. तिच्यात मणी अडकलेले दिसले तर सवागी वाढवून पुन्हा आत.

गुंडीतलं शिसं घालवायला हाडाच्या राखेची वाटी लागते. भट्टीत सुमारे ९०० अंशांवर शिशाचा पुन्हा ऑक्साइड होतो आणि वाटी तो पिऊन टाकते. तांबंही त्याच्याबरोबर जातं. सोनं-चांदी तिला पिता येत नाही. शेवटी मण्यावर इंद्रधनुष्याचे रंग भराभर फिरतात आणि क्षणात तो लखकन चमकतो. त्या चमकेनंतर शिसं संपलेलं असतं. हे बघायला मी कधीच कंटाळलो नाही. पण शिशाचा धूर पाऱ्याहून फार सज्जन नाही, म्हणून भट्टीवर ओढणारी चिमणी, तोंडाला मास्क, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा नाही. दागिन्यांच्या डागात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असेल तर आणखी जपायचं. केडीएमचा दागिना म्हणतात तो हाच. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं आणि सोनं १०६४ला वितळतं; म्हणजे सोनं पातळ व्हायच्या आधीच ते हवेत असतं.

वाटीतल्या मण्यात सोनं आणि चांदी दोन्ही. आता कुठं माझं तेजाब आलं. नायट्रिक तेजाब चांदी खातं, सोन्याला हात लावत नाही; पण सोनं जास्त असेल तर आतली चांदी त्याच्या आड लपते आणि तेजाब पोचतच नाही. म्हणून उलटं करायचं: आणखी चांदी मिसळायची, सोनं चौथा हिस्सा राहील इतकी. ९१६ टंचाचं, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं असलेलं, १०० ग्रॅम सोनं असेल तर सुमारे २६५ ग्रॅम चांदी. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटतं, शुद्ध करायला आणलेल्या सोन्यात भेसळ! आमच्या मण्यात चांदी आधीच बरीच होती, त्यामुळं भर थोडीच पडली. मिश्रण वितळवून उंचावरून पाण्यात ओतलं की दाणे होतात, तेजाबाला पृष्ठभाग जास्त मिळतो.

आधी पातळ तेजाब, मग कडक. तांबूस धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याची लबाडी अशी की हुंगल्यावर थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. आमचा धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून जायचा. जिन्याखाली, दार लावून, टेबलफॅनच्या भरवशावर हे काम करणारी दुकानं मी पाहिली आहेत. तिथं उभं राहायचीही माझी तयारी नाही.

तळाला उरलं ते सोनं. चमकबिमक काही नाही, भिजल्या तपकिरीसारखा भुगा. गरम पाण्यानं धूत राहायचं. धुतलेल्या पाण्यात मिठाचा थेंब टाकल्यावर पांढरं काही दिसेनासं झालं की चांदी गेली. मग सवागीची चिमूट टाकून वितळवायचं आणि लगड ओतायची. ९९९ हवं असेल तर अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक तेजाबाच्या मिश्रणात) विरघळवून हिराकशीनं (फेरस सल्फेटनं) पुन्हा खाली पाडतात. आमच्या आसारीला तेवढी गरज नव्हती.

चांदी मात्र द्रावणातच होती, आणि धंद्याचा पाया तिथं आहे. तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबं विरघळतं आणि चांदीचा राखाडी स्पंज पट्टीवर धरतो, ६३.५ ग्रॅम तांब्यामागे २१६ ग्रॅम चांदी. पाणी निळं होतं. निळ्या पाण्यात लोखंडाचा भंगार टाकला की तांबं परत येतं. उरलेल्याला चुना घालून आंबटपणा मारायचा, गाळ वेगळा करायचा आणि तो परवानाधारक उचलणाऱ्याला द्यायचा. याचे पैसे जातात, म्हणून अनेक जण रात्री गटार बघतात. मामा देत.

लगडीचं वजन नमुन्याच्या आकड्यापेक्षा किंचित कमी भरलं. आसारीच्या पुडीचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळच होता, त्यामुळं तिसरी पुडी फोडावी लागली नाही. तूट कुठं गेली हे मामांना ठाऊक होतं: काचेत, मुशीच्या भिंतीला, वापरलेल्या वाट्यांत. ते सगळं फोडून पुढच्या मालाच्या दळणात घालायचं असतं. व्यवहार नमुन्यावर ठरला होता, पैसे नमुन्याप्रमाणेच दिले गेले.

जाताना आसारीनं विचारलं, पुढच्या वर्षी चटया आणि फडकी कारखान्याच्या मागं जाळूनच आणली तर चालतील का, पोत्यांचं ओझं कमी होईल. मामांच्या आधी मीच नको म्हणालो. ओझं वाहायला आम्ही माणूस पाठवू, पण काडी आमच्या तव्याखालीच लागू दे.