टक टक टक आणि मामांचं गोठलेलं डिझेल

परवा निफाडला मामांकडे मुक्काम होता, आणि जानेवारीतली निफाडची थंडी काय असते ते सांगायला नकोच. पहाटे सहाला गाडीची चावी फिरवली तर नुसतं टक टक टक, डॅशबोर्डचे दिवेपण मंद. मामा म्हणाले, "डिझेल गोठलं बघ." म्हटलं मामा, एवढी थंडी नाही हो पडत इथे, आणि डिझेलचा लोच्या असता तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) तरी नीट फिरला असता ना. टक टक म्हणजे बॅटरी, नाहीतर टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात ती जागा.

बॉनेट उघडलं तर प्लसवर हा एवढा हिरवट पांढरा फुलोरा! १० च्या पान्याने आधी मायनस सोडवला, मग प्लस, मामींनी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून दिला आणि जुन्या टूथब्रशने घासलं, फसफसून सगळं निघालं. तरी चालू होईना. मीटर लावला तर ११.९ व्होल्ट, फुल चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, वर ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, दोन्हीकडून मार.

शेवटी शेजाऱ्यांच्या पिकअपवरून जंप दिला, म्हणजे त्यांच्या बॅटरीला वायरी जोडून करंट घेतला, प्लसला प्लस, आणि काळ्या वायरचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. हीटरचा (डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो (एरवी कोण थांबतंय) आणि चावी मारली, झाली चालू! मीटरवर १४.१, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) ठीक. बॅटरी पाच वर्षांची होती, नाशिकला पोचून बदलली.

मामा अजून सगळ्यांना सांगतायत, डिझेल गोठलं होतं.