मागील पानावरून पुढे

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा व्हायला मला ३ वर्षं आणि ७ महिने लागले. त्यातले पहिले ११ महिने मी एक ओळही लिहिली नाही, फक्त रजा साठवली.

मी हिशेब विभागात काम करते. महिना संपला की बँकेचा उतारा एका बाजूला, आपली वही दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीतला फरक शोधत बसायचं. मला हे काम आवडतं, हे आधीच सांगून टाकते. नोकरी म्हणजे तुरुंग आणि लेखन म्हणजे सुटका, असलं काही माझ्या मनात नव्हतं. फक्त दोन्ही कसं करायचं ते कळत नव्हतं. मग सरळ हिशेब मांडला: सलग १५ दिवस मिळाले, रोज ६ पानं झाली, तर ९० पानं.

रजेच्या पहिल्या दिवशी मी टेबल आवरलं. दुसऱ्या दिवशी कपाट. पंधराव्या दिवशी संध्याकाळी हातात साडेतीन पानं होती, आणि त्यात अर्धं पान पावसाचं वर्णन. कादंबरीत पाऊस कुठेच नव्हता.

मग रात्रीचा प्रयोग. याला कारण लेखक फ्रान्झ काफ्का. प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ ते १९२२ नोकरीला होता आणि रात्री लिहायचा. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसला तो सकाळी सहाला उठला, एक अख्खी कथा एका बैठकीत संपवून. हे वाचून माझ्याही अंगात आलं. पुढचा भाग मला फार उशिरा कळला. त्या सकाळी त्याने साहेबांना चिठ्ठी पाठवली होती, की जरा चक्कर आली, थोडा ताप आहे. शिवाय त्याचं ऑफिस दुपारी दोनच्या सुमाराला सुटायचं आणि संध्याकाळी तो झोप काढायचा. माझं सुटतं साडेसहाला.

महिनाभर रात्री अकरा ते एक बसले. एका सकाळी विभागातला सर्वांत नवा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, हे एवढं येणं आहे का आपलं खरंच?" मी एक शून्य जास्त मारलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. रात्रीचं लेखन त्या दिवशी बंद केलं.

राहिली पहाट. इथे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोपचा दाखला हमखास दिला जातो. ब्रिटिश टपाल खात्यात ३३ वर्षं नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. त्याला उठवायला एक नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे, हे मात्र दाखला देणारे सांगत नाहीत. मला उठवायला फोन आहे, तो मीच बंद करते. आणि पहाटेचा तास असा रिकामा पडलेला नसतो, तो घरातल्या कोणाच्या तरी अंगावर जातो. म्हणून नवऱ्याशी रीतसर वाटणी केली. सोमवार ते गुरुवार मुलाचं सकाळचं सगळं त्याच्याकडे, शुक्रवार-शनिवार माझ्याकडे. ते दोन दिवस तो पळायला जातो. वेळच मिळत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आता आधी विचारते, घरात वाटणी झाली आहे का.

तर पहाटे पाच ते सहा वाजून दहा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. शब्द मोजून लिहायला लागले आणि शब्द पडायलाही लागले. पण कोणाचे? दोन महिन्यांनी मागची पानं वाचली तेव्हा ऐंशी वर्षांची आजी नातवाला म्हणत होती, "सदर घराबाबत माझी काही हरकत नाही." तिची धाकटी सून भांडताना मुद्दे पाडत होती. मी हसले, मग घाबरले. दिवसभर ज्या भाषेत मेल लिहिते तीच भाषा पहाटे हाताला चिकटलेली होती. उपाय दोनच सापडले. लिहून झालेले संवाद मोठ्याने म्हणायचे (हळू आवाजात मोठ्याने, मूल झोपलेलं असतं), आणि लिहायच्या आधी फोनवरचा मेल उघडायचा नाही. एक जरी मेल पाहिला, तो कितीही फालतू असो, की ती सकाळ गेली.

तरीही काम पुढे सरकत नव्हतं. शेवटी हिशेबनीसाने करायचं तेच केलं. तीन आठवडे एक्सेलमध्ये दोन वेळा टिपल्या: बसले कधी, आणि पहिलं नवीन वाक्य लिहिलं कधी. सत्तर मिनिटांपैकी सरासरी पंचवीस मिनिटं नुसती कादंबरीत परत शिरण्यात जात होती. कोण कुठे उभं आहे, काल हे का लिहिलं, हे वाक्य बरं आहे का, जरा बदलू या... शुक्रवार ते रविवार खाडा झाल्यावर सोमवारी तर चाळीस मिनिटं. वेळ कमी आहे म्हणून मी वर्षभर रडत होते, आणि असलेल्या वेळेतला तिसरा हिस्सा दाराशीच सांडत होता.

जुन्या खातेवहीत पान संपलं की तळाला बेरीज लिहून 'पुढील पानावर' म्हणायचं, आणि नव्या पानाची सुरुवात 'मागील पानावरून पुढे' अशी तीच रक्कम लिहून करायची. कोरं पान असं नसतंच. मी तेच उचललं. सहा वाजता, मनात अजून दहा मिनिटांचा मजकूर शिल्लक असतानाच थांबायचं आणि पेनने एक चिठ्ठी लिहायची. भाषा कशीही. त्यातली एक अजून जपली आहे: "उद्या: धाकटी दार उघडत नाही. बाहेरच्या चपला तिने ओळखल्यात. कोणाच्या ते आत्ताच सांगू नको." दुसऱ्या दिवशी ही वाचली की सहा-सात मिनिटांत हात चालू. आदल्या दिवसाचं वाचून दुरुस्त करायला मनाई. दुरुस्ती शनिवारी, मूल शाळेत गेल्यावर.

महिनाअखेरचे तीन दिवस आणि नव्या महिन्याचे पहिले पाच लेखन बंद. आधी या दिवसांत स्वतःला शिव्या घालायचे, मग ते वेळापत्रकातच सुट्टी म्हणून टाकले. फक्त चिठ्ठी पाकिटात ठेवायची आणि दिवसातून एकदा वाचायची. एकदा फरक काही केल्या जुळत नव्हता, रात्रीचे नऊ वाजले होते, आणि त्या उताऱ्यावरचे आकडे बघता बघता धाकटी दार का उघडत नाही ते मला कळलं. उताऱ्याच्याच मागे लिहून ठेवलं. फरक दुसऱ्या दिवशी सापडला.

दोन चुका सांगायला हव्यात. पहिली, खर्डा ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवला होता. एका शुक्रवारी तो बदलून नवा मिळाला आणि जुना त्याच संध्याकाळी पुसला गेला. ३८ पानं गेली. दोष कोणाचाच नाही, मशीन त्यांचं होतं. दुसरी, जेवणाच्या सुट्टीत बोलून गेले. त्यानंतर माझा उशीर, माझी चूक, माझी जांभई, सगळं "लेखिकाबाई" या नावाने नोंदलं जाऊ लागलं. बोलले नसते तर बरं झालं असतं. पण त्यामुळे एक काम मात्र झालं: नेमणूकपत्र काढून नीट वाचलं. त्यात परवानगीशिवाय इतर कोणतंही काम करायचं नाही असं कलम होतं. लेखी विचारलं. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, हरकत नाही, संस्थेचं नाव आणि साधनं वापरू नयेत. तो मेल छापून फाइलला लावला आहे.

खर्डा संपला तो एका मंगळवारी, सहाला पाच कमी असताना. घरात कोणी उठलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी तिमाहीचे आकडे द्यायचे होते. सवयीने चिठ्ठी पुढे ओढली, "उद्या:" लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. मग सहा वाजता लिहिलं, "प्रकरण १, पान ३. आजी अजून एकदा 'सदर' म्हणते."